मुद्दाम लावलेली बुरशी आणि वर्षभराचं ढवळणं: घरी शोयू केला त्याची गोष्ट

आधीच सांगते, शोयू म्हणजे जपानी सोया सॉस, आणि पैसे वाचवायचे म्हणून कुणी या भानगडीत पडू नका. आमच्या इथे सुपरमार्केटात साध्या शोयूची लिटरची बाटली ३०० येनच्या आसपास मिळते, आणि मी १ लिटर ३५० मिली शोयूपायी ७,७५६ येन नि १ वर्ष १२ दिवस घालवले. लिहितेय ते एवढ्यासाठी की सुरू करण्याआधी मी जाम घाबरले होते आणि घाबरले होते ती भलत्याच गोष्टीला. मला वाटायचं वर्षभर सांभाळणं कठीण. ते काहीच नाही हो. खरी परीक्षा पहिल्या तीन रात्रींची, त्यातनं सुटलात की पुढे लोणच्याच्या बरणीइतकीच उठाठेव.

आम्ही २०२२ च्या ऑक्टोबरपासून जपानमधे, चिबा प्रीफेक्चरमधल्या (आपल्या राज्यासारखा विभाग) काशिवाला राहतो. नवरा युनिव्हर्सिटीत, मी घरून काम करते. काशिवाहून तोबूच्या लोकलने सातवं स्टेशन नोदा-शी, आणि नोदा म्हणजे शोयूचं गाव. गाडीचं दार उघडलं की वास येतो, खरंच येतो, खारट नि भाजका, मागून थोडा गुळाच्या ढेपेसारखा. एका बाजूला एदो नदी, दुसऱ्या बाजूला तोने नदी, त्यामुळे आजूबाजूचं सोयाबीन नि गहू, खाडीकडच्या ग्योतोकू मिठागरांतलं मीठ, सगळं होडीने यायचं आणि तयार माल त्याच पाण्यावरून एदोला, म्हणजे आत्ताच्या तोक्योला, जायचा. १९१७ साली इथल्या शोयूवाल्या ८ घराण्यांनी मिळून एक कंपनी काढली, तीच पुढे किक्कोमान झाली. राजवाड्यासाठी शोयू करायची १९३९ सालची कोठी पण तिथे आहे, गोयोगुरा म्हणतात तिला, आत माणूस उभा मावेल अशी लाकडी पिंपं. तर २०२३ च्या वसंतात तिथे फिरायला गेलो, येताना चांगल्यातली एक बाटली घेतली आणि गाडीत बसल्या बसल्या मागचं लेबल वाचलं. सोयाबीन, गहू, मीठ. बास. पाण्याचं नाव पण नाही. मनात आलं, तीनच वस्तू आहेत की, यात काय एवढं.

चौथी वस्तू लेबलवर नसते. ती म्हणजे कोजी, एक प्रकारची बुरशी. हीच बुरशी मिसोला (सोयाबीनची आंबवलेली खारट पेस्ट), साकेला (तांदळाची दारू), मिरिनला (स्वयंपाकात घालायची गोड दारू), सगळ्यांना लागते आणि इथले लोक तिला इतकं मानतात की २००६ साली इथल्या ब्रूइंग सोसायटीने तिला देशाची बुरशी म्हणून जाहीर करून टाकलं. आपल्याकडे राष्ट्रीय पक्षी असतो तसं. आता मी वाढले कुठे, तर पावसाळ्यात पापडाच्या डब्यावर जरा पांढरं दिसलं तर अख्खा डबा बाहेर जाणाऱ्या घरात. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, विकत आणून लावणार बुरशी? मुद्दाम?" मग जरा थांबून, "आणि ती खाणार कोण?"

जानेवारी २०२४ मधे सामान जमवायला घेतलं. थंडीतच करायचं असतं, जुने लोक थंडीतल्या कामाला कान-जिकोमी म्हणतात, कारण हवेत दुसरे जंतू कमी असतात आणि सुरुवात सावकाश होते. पहिला घोळ शब्दाचाच झाला. कोजीच्या बियाण्याला तानेकोजी म्हणतात, पण धंद्यातली माणसं त्याला मोयाशी म्हणतात असं कुठेतरी वाचलेलं. मी ऑनलाइन मोयाशी टाकलं तर समोर मोड आलेल्या मुगाची पाकिटं! सुपरमार्केटात मोड आलेल्या कडधान्यालाही मोयाशीच म्हणतात, आणि मूळ अर्थही तोच, फुटणं, मोड येणं. मला तर ते फारच पटलं, पण कामाचं नव्हतं. तुम्ही मागवताना "शोयू-यो", म्हणजे शोयूसाठीचं, असं बघून घ्या, कारण मिसोचं वेगळं, साकेचं वेगळं, अमाझाके नावाच्या गोड पेयाचं वेगळं अशी जात असते.

दुसरी धाकधूक कायद्याची. इथे घरी दारू करायची परवानगी नाही, १ टक्का नि त्याच्या वर अल्कोहोल असलं की दारूचा कायदा लागतो आणि त्याला लायसन्स हवं. शोयूही आंबतोच, आणि आम्ही व्हिसावर राहणारी माणसं, उगाच लफडं नको. दुकानाला माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत ईमेल लिहिला, दोन दिवसांनी उत्तर आलं की मिसो आणि शोयू लोक घरी सर्रास करतात, काळजी नको, सोबत एक पानी माहितीपत्रक पाठवतो. पाकीट ५५० येन, लेटर पॅकने पाठवायचे ३७० येन, २२ जानेवारीला पैसे भरले आणि २५ ला पोस्टाच्या पेटीत. आत हिरवट-खाकी पूड, मेंदीच्या पुडीसारखी. पाकीट लगेच फ्रिजमधे टाका.

बाकी सामान सोपं. होक्काइदोचं सोयाबीन १ किलो ८६० येन, गहू १ किलो ६४० येन, मीठ १५० येन. गहू अख्खे मिळणं इथे जरा कटकटीचं, पीठच मिळतं सगळीकडे, मी ऑनलाइन घेतले. ५ लिटरची काचेची बरणी १,९८० येन, खुपसायचा थर्मामीटर १,४८० येन आणि गरम पाण्याच्या पिशव्या, युतांपो म्हणतात, त्या ६९८ ची एक अशा दोन. मासळीच्या काउंटरवर मागितला तर थर्माकोलचा मोठा खोका फुकट मिळाला. तो मी तीनदा गरम पाण्याने धुतला, तरी थोडा बांगडा राहिलाच त्यात.

तारीख निवडताना एक बघा, तीन दिवस घरी असायला हवं. मी १० ते १२ फेब्रुवारीचा वीकेंड धरला, ११ ची सुट्टी रविवारी आल्यामुळे सोमवारी भरपाईची सुट्टी होती. त्याच आठवड्यात सोमवारी, ५ तारखेला, इथे चांगलाच बर्फ पडून गेला होता आणि स्वयंपाकघरात सकाळी ९ डिग्री. आणि हो, त्या दिवसांत घरात नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, आणायचा नाही. नात्तोचे जंतू फार चिवट, कोजीला गिळून टाकतात, साके करणारे लोकही कामाच्या दिवसांत नात्तोला शिवत नाहीत. नवऱ्याला रोज सकाळी नात्तो लागतो. त्याने फ्रिजमधली तीन पाकिटं गुरुवारी रात्री एकाच बैठकीत संपवली, टाकवेना म्हणून.

शुक्रवारी ९ तारखेला रात्री ५०० ग्रॅम सोयाबीन भिजत घातलं. थंडीत १६-१८ तास लागतात, मी १२ तासांवर उरकायला गेले तर दाणा मधे दुभंगून पाहिल्यावर आत कोरडी रेघ दिसली, मग अजून दोन तास ठेवलं. तोवर ५०० ग्रॅम गहू कढईत भाजायला घेतले. हे काम मात्र आपल्या हातचं! भाजणीसाठी भाजतो तसेच, मंद आचेवर, फुगून रंग बदलेपर्यंत, आणि अख्ख्या घरात थालिपिठाच्या भाजणीचा वास. माहितीपत्रकात लिहिलेलं की दाणा चार-पाच तुकड्यांत फुटायला हवा नि थोडं पीठ पण पडायला हवं, म्हणजे आपली भरड. इथल्या नाजूक मिक्सरला ते झेपलं नाही, वास यायला लागला मोटरचा. मग कपाटातनं पुण्याहून आणलेला मिक्सर आणि त्याचा तो विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर काढला (इथे १०० व्होल्ट, आपला मिक्सर २३० चा) आणि चार झटक्यांत काम झालं. तो ट्रान्सफॉर्मर उचलून आणल्याबद्दल नवरा मला दीड वर्षं बोलत होता, त्या दिवशी गप्प.

सोयाबीन कुकरला वाफवलं, पाण्यात बुडवून नाही, जाळीवर. दाणा अंगठा आणि करंगळी यांच्यामधे धरून दाबायचा, त्या दोन बोटांत फारसा जोर नसतो, तरी सहज चिरडला की झालं. अंगठा नि तर्जनी वापरलीत तर फसाल. नंतर ताटात पसरून ३५ डिग्रीच्या खाली आणलं, भरड मिसळली, तानेकोजी थोड्या भरडीत कालवून वरून भुरभुरवली. पाकिटावर प्रमाण असतं, अगदी चिमूटभर लागते. हे करताना मास्क घालाच, पूड इतकी बारीक असते की हात हलला तरी धूर उठतो. शनिवारी दुपारी १ वाजता कापडात गुंडाळून, युतांपोसकट खोक्यात. टेम्परेचर ३०.

पहिली रात्र सोपी गेली. दर चार तासांनी पाणी बदलायचं, ३० च्या आसपास राखायचं, बास. काही होतंय असं वाटेना, इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही तेव्हा कसं वाटतं तसं. रविवारी सकाळी ७ ला उघडलं तर दाण्यांवर पांढरी लव आलेली आणि सगळं एकमेकांना चिकटून ढेप झालेली, आणि टेम्परेचर ३४, युतांपो गार असतानाही. म्हणजे ती स्वतःच तापायला लागली होती! हाताने ढेकळं फोडली, याला तेइरे म्हणतात. वास उकडलेल्या चेस्टनटचा, थोडा अळंब्यांचा. दुपारी २ ला दुसरी तेइरे, तोवर ३७ झालेलं. आणि आता मुद्दा नीट वाचा कारण इथेच माझं चुकलं. पहिला दिवस आपण तिला ऊब देतो, दुसऱ्या दिवशी तिला गार ठेवायचं असतं. माझ्या डोक्यात अजून "बाहेर थंडी आहे" हेच चालू. मी युतांपो काढली पण झाकण घट्ट लावलं, कापडाची एक घडी वर टाकली आणि रात्री १ ला झोपले.

पहाटे ५ ला उठून हात घातला तर तवा! थर्मामीटर ४१. कापड वाफेने ओलं, खोक्याच्या कडेला पाण्याचे थेंब. मी रडायच्या बेतात. नवऱ्याला उठवलं, दोघांनी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र, वर स्वच्छ कापड टाकून सगळं पसरलं, खिडकी उघडली, बाहेर २ डिग्री, आणि आम्ही दोघं स्वेटर घालून त्या बुरशीला पुठ्ठ्याने वारा घालतोय. एका कोपऱ्यातला पाव किलोभर माल बोटाला चिकट लागला, वासही नात्तोचा. तो सरळ काढून टाकला, तिथे लोभ करू नका. उरलेला परत खोक्यात भरताना पातळ थर केला, वर बोटांनी नांगरल्यासारख्या सऱ्या पाडल्या म्हणजे उष्णता निघून जाते, आणि झाकण तिरकं ठेवलं. त्यानंतर सोमवारभर ३० ते ३३ मधे शहाण्यासारखी राहिली. दुपारपर्यंत पांढऱ्याची पिवळी झाली, मंगळवारी १३ ला दुपारी १ वाजता पिवळट हिरवी, मुगाच्या डाळीची सालं वाळत घातल्यासारखी. तिसरी रात्र मी दर दोन तासांनी उठत होते, गरज नसताना. मंगळवारी सुट्टी नव्हती, सकाळची मीटिंग कॅमेरा बंद ठेवून मी खोक्याशेजारी बसून केली.

पुढचं सोपं. आदल्या दिवशी १.८ लिटर पाण्यात ५०० ग्रॅम मीठ उकळून गार करून ठेवलेलं, ते बरणीत ओतलं, वरून कोजी. तरंगते, काळजी नको, दोन-तीन दिवस खाली दाबत राहायचं. या कालवणाला मोरोमी म्हणतात. आईने फोनवर प्रमाण ऐकलं नि म्हणाली बाबांना बीपी आहे, मीठ अर्धं कर. नाही करायचं. मीठ इथे चवीला नसून राखणदार आहे, साधारण २२ टक्क्यांच्या पाण्यात कुजवणारे जंतू टिकत नाहीत आणि खारं सोसणारे कामाचे जंतू नि यीस्ट तेवढे राहतात. लोणच्यात मीठ कमी पडलं की काय होतं ते तिलाच जास्त माहीत, असं म्हटल्यावर ती हसली. शोयू थोडा वापरायचा, हा त्यावरचा उपाय.

पहिला आठवडा रोज ढवळलं, मग एप्रिलपर्यंत दोन-तीन दिवसांतनं एकदा. दीड महिना काहीही झालं नाही. रंग भिजवलेल्या सातूसारखा, वास ओल्या पोत्याचा. इथेच बरेच जण कंटाळतात असं मला वाटतं. आतल्या आत मात्र काम चालू असतं, कोजीने सोडलेले एन्झाइम सोयाबीनच्या प्रथिनांचे तुकडे करतात, तिथून ती जिभेला बिलगणारी चव येते, आणि गव्हाच्या पिठाची साखर होते, तिच्यावर पुढे यीस्ट जगतं. रंगही बाहेरून घालावा लागत नाही, ती साखर आणि ते प्रथिनांचे तुकडे एकमेकांत मुरून काळपटतात. एप्रिलअखेर चहासारखा रंग आला. मे महिन्यात चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं, नुसतं मीठ.

जूनमधे पावसाळा सुरू झाला नि बरणी जिवंत झाली. ढवळलं की बुडबुडे, वास पिकलेल्या केळ्याचा आणि जरासा दारूचा. मी ती बाल्कनीत सावलीला, शेजारच्या बाल्कनीच्या मधला जो पातळ पडदा असतो त्याला टेकवून ठेवलेली. झाकण घट्ट लावायचं नसतं, गॅस होतो, म्हणून वर कापड बांधलेलं. १६ जुलैला आमच्या पेटीत बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र. मजकूर इतका नम्र की दोनदा वाचल्यावर कळलं की तक्रार आहे. एक, वास येतो. दोन, बाल्कनी ही सगळ्यांच्या मालकीची जागा, आपल्याला फक्त वापरायला दिलेली, आणि तो मधला पडदा आग लागली तर फोडून पलीकडे जायची वाट, तिथे काही ठेवायचं नाही. दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता, भाडेकरारात लिहिलेलाही होता, मी वाचला नव्हता. सोबत फॉर्म, त्यात खोली नंबर, वस्तूचं नाव, का ठेवली, कोणत्या तारखेपर्यंत हटवणार, खाली हांको, म्हणजे सहीऐवजी शिक्का. वस्तूच्या रकान्यात मी "शोयू (बनतोय)" लिहिलं. तीन दिवसांनी फोन आला, बाई म्हणाल्या फॉर्म मिळाला, धन्यवाद, आणि एक विचारू का, घरी होतो का हो शोयू? मी म्हटलं बघू, अजून सहा महिने आहेत. बरणी दारातल्या चपलांच्या कपाटात गेली. कपाटाचा एक कप्पा कायमचा गेला, पार्सलवाला दार उघडलं की नाक उडवायचा, पण तिथे अंधार आणि थोडी ऊब, तिला मानवलं. तुम्ही फ्लॅटमधे राहत असाल तर जागा आधी ठरवा नि करार वाचा, एवढंच.

उन्हाळा भयंकर होता, घरात ३४-३५. रोज ढवळलं. रंग झपाट्याने गुळासारखा झाला.

मग गणपती. ७ सप्टेंबरची चतुर्थी, आम्ही १ ला निघालो ते २२ ला परत, नवराही सोबत, म्हणजे तीन आठवडे ढवळायला कुणी नाही. निघताना कडा पुसून घेतल्या, वर मूठभर मीठ पसरलं, पृष्ठभागाला चिकटेल असं प्लास्टिक टाकलं आणि देवावर सोडलं. परत आलो, बॅगा दारातच, आधी कपाट उघडलं. वर पांढरी, सुरकुतलेली साय. मला वाटलं गेलं सगळं. मोबाइलवर फोटो पसरवून बघत बसले तासभर, मग कळलं की हे यीस्टच आहे, हवा लागली की वर असा पडदा धरतं, विषारी नाही, फक्त वासाला मारतं. काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली असती तर मात्र फेकायचं. चमच्याने साय काढली, कडा दारूने पुसल्या, खालचं ढवळलं आणि पहिल्यांदा, पहिल्यांदाच, बरणीतनं नोदा स्टेशनचा वास आला. नवरा चप्पल काढता काढता थांबला.

ऑक्टोबरपासून आठवड्यातनं एकदा ढवळणं. डिसेंबरात मोह झाला गाळायचा, चवही आलेली होती, पण तीक्ष्ण, मीठ पुढे आणि बाकी सगळं मागे. अजून दोन महिने थांबले त्याचा फरक पडला, मीठ तेवढंच पण टोचेनासं झालं.

शनिवारी २२ फेब्रुवारी २०२५ ला गाळला. प्रेस वगैरे काही घेतलं नाही. ३३० येनचं जाडसर सुती कापड, चाळणीत अंथरून मोरोमी ओतली आणि गाठ मारून नळाच्या मानेला टांगली, श्रीखंडाचा चक्का टांगतो तशी, खाली पातेलं. पहिलं तासभर आपोआप धार लागते, तो शोयू सगळ्यात नितळ. मग थेंब थेंब. रात्री चाळणीत ठेवून वर ताटली, ताटलीवर भूकंपासाठी साठवलेल्या २ लिटरच्या पाण्याच्या चार बाटल्या. घाई करून हाताने पिळायला गेलात तर गाळ येतो, मी पिळला, म्हणून सांगते. रविवारी संध्याकाळी मोजलं, १ लिटर ३५० मिली.

कच्चा शोयू तसाच खाता येतो, पण फ्रिजमधेच ठेवावा लागतो, आत यीस्ट जिवंत असतं, बाटली घट्ट लावली तर फुगते. मी २०० मिली तसा ठेवला, बाकी सोमवारी सुट्टी होती तेव्हा तापवला. याला हि-इरे म्हणतात. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, ८० डिग्रीपर्यंत न्यायचा, उकळू द्यायचा नाही. ७० च्या पुढे गेला आणि वास एकदम बदलला. तोवर आंबलेला फळाळ होता, त्याचा भाजका झाला, फोडणी बसली की घर कसं दुसरं होतं तसं. वर फेस येतो तो काढायचा. तीन दिवस नुसता ठेवला, तळाला गढूळ गाळ बसला, वरचा अलगद बाटल्यांत ओतला.

पहिला घास साध्या गरम तोफूवर, वर फक्त हा. रंग बाजारच्यापेक्षा लालसर, थोडा गढूळ. चव सांगायची तर बाजारचा शोयू लगेच जाणवतो आणि जातो, हा सावकाश येतो नि रेंगाळतो, शेवटी किंचित कडवट. तो कडवटपणा मी गहू एका बाजूने जरा करपवले होते त्याचा असावा. नवरा म्हणाला छान आहे, मग म्हणाला बाटलीतला जास्त चांगला आहे का गं? खरं सांगायचं तर सुशीबरोबर हो, तोफूबरोबर नाही.

चोथा दीड किलोच्या आसपास उरला. फेकू नका. त्यात काकडी दोन दिवस पुरून ठेवली तर झकास लोणचं होतं, आणि थोडा चोथा मी लसूण नि लाल तिखट घालून खलबत्त्यात कुटला, भाकरीबरोबर अप्रतिम, मीठ मात्र अजिबात घालायचं नाही.

हिशोबाचं म्हणाल तर बरणी, थर्मामीटर, पिशव्या, कापड हे एकदाच. धान्य तर अर्धं उरलं, त्यामुळे प्रत्यक्ष मालाचा खर्च पावणेदोन हजार येनच्या आत. एप्रिलमधे बाबांसाठी १०० मिलीची छोटी बाटली पाठवली, येणाऱ्या मैत्रिणीच्या चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून, मधे डायपर. आईने त्यातला थेंब बोटावर घेऊन चाखला, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मीठ जास्तच आहे."

बरणीचा वास काही जात नाही. सोडा झाला, ऊन दाखवून झालं, लिंबाची सालं झाली. आता तशीच ठेवलीय, कारण २०२६ मधे ११ फेब्रुवारी बुधवारी येते, तिचा उपयोग नाही, पण २३ ची सुट्टी सोमवारी आहे. २० ला शुक्रवारी रात्री भिजत घालेन. थर्मामीटरला अलार्म लावता येतो असं त्याच्या माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर लिहिलंय, ते परवा वाचलं.